एकही पुलअप निघत नाही, तरी क्लायंबिंग जमेल का?

हा प्रश्न मला लग्नकार्यात, ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये, ट्रेकहून परतताना एसटीत, सगळीकडे विचारला जातो. विचारणारी व्यक्ती बहुतेक वेळा सह्याद्रीत चांगली फिरलेली असते. राजगड-तोरणा पायाखालचा असतो आणि आता कड्यालाच हात घालायची ओढ लागलेली असते. "पण हातात जोर नाही हो, आधी सहा महिने जिम लावते, मग येते." तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: जिमसाठी थांबू नका. येत्या रविवारी या.

कातळ हातांनी चढायचा असतो हा समज पहिल्याच दिवशी मोडावा लागतो. माळ्यावर जाताना शिडीला आपण लोंबकळत नाही. पायऱ्यांवर उभे राहत वर जातो आणि हात फक्त तोल धरतात. कातळावरही तेच. नवखा माणूस भिंतीला लागला की कोपरं वाकवतो, होल्ड (पकडायची जागा) आवळून धरतो आणि नजर सतत वर ठेवतो. पाय खाली चाचपडत राहतात. मिनिटभरात कोपरापासून मनगटापर्यंतचा हात दगडासारखा टणक होतो आणि बोटं आपोआप उघडायला लागतात. क्लायंबर याला 'पंप' होणं म्हणतात. बोटं मिटवणारे मुख्य स्नायू हाताच्या या भागात असतात. ते आवळलेलेच राहिले की त्यांच्यातला रक्तप्रवाह अडतो आणि ते दमतात. इथे जिममधले दंड फारसे कामाला येत नाहीत.

म्हणून आम्ही नव्या मुलांना तिरप्या, सोप्या कातळावर नेतो, टॉप रोप (वरून येणारा सुरक्षेचा दोर) लावतो आणि दोन्ही हातांत एकेक टेनिसचा चेंडू देतो. आता पकडायची सोयच नाही. मग डोळे आपोआप खाली जातात, पाय ठेवायला बोटभर रुंदीची खाच शोधली जाते, बुटाचा अंगठ्याकडचा काठ तिथे टेकतो, त्यावर सगळं वजन येतं आणि शरीर वर उचललं जातं. हे एकदा जाणवलं की चेहरा बदलतो, आणि तो बघायला मला आजही फार आवडतं. माझ्या पाहण्यात मुली हे लवकर पकडतात, कारण हाताच्या जोरावर निभावून नेण्याचा मोह त्यांना कमी होतो. पुढे लक्षात ठेवायच्या गोष्टी थोड्याच आहेत: हात शक्यतो सरळ ठेवा, पाय आधी हलवा, आणि पाऊल नीट टेकेपर्यंत त्याच्यावरून नजर काढू नका. 2016 साली नवी मुंबईत बोल्डरिंगचा (दोराशिवाय, कमी उंचीवरच्या चढाईचा) वर्ल्ड कप झाला तेव्हा मी प्रेक्षकांत होते. तिथले स्पर्धकही पाऊल ठेवताना पावलाकडेच बघत होते.

पण खरं सांगायचं तर ताकदीचा प्रश्न मला दुय्यम वाटतो. "मी चढू शकेन का" हे सगळे विचारतात. "मी दुसऱ्याला धरू शकेन का" असं क्वचितच कोणी विचारतं. माझ्या मते सुरुवात तिथूनच व्हायला हवी. क्लायंबिंगच्या दिवसातला कितीतरी वेळ तुम्ही खाली उभे राहून बिले देत असता, म्हणजे चढणाऱ्याचा रोप सांभाळत असता. वरच्या माणसाचा जीव तुमच्या एका हातात असतो. ब्रेकचा, म्हणजे रोप रोखून धरणारा हात रोपवरून कधीच सुटता कामा नये. रोप आत घ्यायचा, हात रोपवरूनच सरकवत मागे आणायचा, पुन्हा आत घ्यायचा. ही हालचाल जमिनीवर, गप्पा मारतानाही चुकणार नाही इतकी अंगात मुरवायची. चढण्याआधी दोघांनी एकमेकांना तपासायचं. हार्नेसचं (कमरेच्या पट्ट्याचं) बकल, फिगर ऑफ एटची (आठच्या आकाराची) गाठ हार्नेसच्या दोन्ही लूपमधून गेली आहे का, कॅराबिनरचं (धातूच्या कडीचं) लॉक, रोपच्या मोकळ्या टोकाला मारलेली गाठ. डोळ्यांनी बघायचं आणि हातानेही चाचपायचं. समोरचा वीस वर्षांचा अनुभवी असला तरी त्यालाही तपासायचं, आणि चांगला क्लायंबर त्याचा कधीच राग मानत नाही. जो मानतो, त्याच्या रोपला लागू नका.

आता थोडं कडक बोलते. हल्ली लिंगाणा, वजीर, वानरलिंगी अशा सुळक्यांच्या एक दिवसाच्या ट्रिपा निघतात. वर आधीच रोप बांधलेला असतो. तुम्हाला त्याला अडकवतात, मागून-पुढून आधार देत वर नेतात, झेंडा घेऊन फोटो होतो आणि रॅपलिंग करून (रोपच्या आधाराने उतरत) खाली. अनुभव म्हणून तो सुंदर आहे, जबाबदार माणसं सोबत असतील तर जरूर घ्या. पण त्याला क्लायंबिंग शिकणं म्हणू नका. अँकर (रोपचा कातळातला आधार) कशावर बांधला, रोप कुठे घासतोय, वरून दगड आला तर कुठे सरकायचं, यातलं काहीच तुमच्या हाती नसतं. असे पाच सुळके करून आलेल्या मुलांना साधा बिले देता येत नाही, हे मी वारंवार पाहते आणि मला त्याची काळजी वाटते.

आपल्या दगडाबद्दलही सांगायला हवं. सह्याद्री म्हणजे सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे एकावर एक बसलेले थर. टणक बेसाल्टच्या दोन थरांमध्ये ठिसूळ, लालसर थर सापडतो. तो झिजतो आणि त्यातून कड्यांवरच्या आडव्या पट्ट्या, कपारी तयार होतात. दिसायला होल्ड भरपूर, पण प्रत्येकावर विश्वास ठेवता येत नाही. म्हणून इथला क्लायंबर पकडण्याआधी होल्डवर तळहात आपटतो. भरीव दगड दबका, घट्ट आवाज देतो. सुटा असेल तर पोकळ वाजतो. पोकळ वाजला तर तो धरायचा नाही, ओढायचा तर अजिबात नाही. शिवाय गवत, घसारा आणि आग्या मोहोळं. मोहोळ असलेल्या कड्याखाली धूर, सेंट, आरडाओरडा काहीही नको. याच कारणाने मी पहिल्याच महिन्यात कोणाला सुळक्यावर नेत नाही. आधी कृत्रिम भिंत किंवा बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीच्या आसपासचे सोपे कातळ. हिवाळ्यात जमलं तर बदामी. तिथला वालुकाश्म भक्कम आहे, बऱ्याच रूटवर (चढाईच्या वाटांवर) रोप अडकवायला बोल्ट मारलेले आहेत आणि तिथे मन मोकळं करून चढता येतं.

एकट्याने व्हिडिओ बघून मात्र सुरू करू नका. मुंबईत गिरिविहार 1954 पासून आहे, पुण्यात गिरिप्रेमी 1982 पासून, आणि बहुतेक मोठ्या शहरांत एखादा तरी गिर्यारोहण क्लब आहे. उत्तरकाशीच्या नेहरू इन्स्टिट्यूटचा बेसिक कोर्स उत्तम, पण तो एकूण गिर्यारोहणाचा. खडक हा त्याचा एक भाग आहे. दर आठवड्याला त्याच माणसांबरोबर कातळावर जाणं, याला तोड नाही.

सामान लगेच घेऊ नका. घ्यायचेच तर आधी क्लायंबिंगचे शूज घ्या. रोप क्लबचा वापरा आणि कोणता रोप कशासाठी हे विचारून घ्या. चढाईचा डायनॅमिक रोप ताणला जातो आणि पडण्याचा झटका स्वतःत जिरवतो. सिंगल रोपच्या (एकटाच वापरायच्या रोपच्या) युआयएए, म्हणजे आंतरराष्ट्रीय गिर्यारोहण महासंघाच्या चाचणीत 80 किलोचं वजन किमान 5 वेळा पडून त्याने झेलावं लागतं. रॅपलिंगचा स्टॅटिक रोप जवळजवळ ताणत नाही. त्यावर लीड केलं, म्हणजे रोप खालून सोबत नेत पहिलं चढलं, तर तोच झटका तुमच्या कमरेला आणि अँकरला बसतो.

स्नायू काही आठवड्यांत तयार होतात, बोटांचे स्नायुबंध मात्र खूप सावकाश. म्हणून पहिलं वर्षभर हँगबोर्डला (बोटांच्या सरावाच्या फळीला) लटकू नका, आणि बोटाच्या सांध्यापाशी दुखलं तर त्या आठवड्यात सुट्टी घ्या. येताना अंगठी घरी काढून ठेवा. ती कपारीत अडकली आणि वजन आलं तर बोट कायमचं जाऊ शकतं. लांब केस घट्ट बांधा, कारण मोकळे केस रॅपलिंग करताना डिसेंडरमध्ये (उतरताना रोपवर लावायच्या उपकरणात) ओढले जातात आणि अधांतरी लटकत ते सोडवणं फार अवघड असतं. बाकी सैल ट्रॅक पँट, दोन लिटर पाणी आणि डबा. हार्नेस आणि हेल्मेट क्लबकडून मिळेल.