फरशीवरची मोहरी

एप्रिलची दुपार. पंखा बंद, खिडकी सताड उघडी, कपाळावर पट्ट्याचं भिंग. चिमट्यात धरलेला रेझिस्टर, म्हणजे सर्किटात विजेला अडवणारा इवलासा भाग, जरा जास्त दाबला गेला आणि उडाला. ‘टिक’ असा आवाज आला तेवढाच.

आमच्या कोल्हापुरातल्या, राजारामपुरीतल्या घराची फरशी जुनी, मोझॅकची. पांढऱ्यात काळे, तपकिरी, करडे ठिपके. ज्या गवंड्यानं ती घातली त्याला पुढं कधी कुणी हिच्यावर १.६ मिलिमीटर लांब आणि ०.८ मिलिमीटर रुंद काळी वस्तू शोधत रांगेल असं वाटलं नसणार. यावर एक उपाय मला माहीत आहे. टॉर्च फरशीवर आडवा ठेवायचा. मग प्रत्येक कणाची लांब सावली पडते आणि फरशीतले ठिपके मात्र सपाटच राहतात. तसा ठेवला, पोटावर पडलो आणि कपाटाच्या पायाशी सापडला. चिमट्यानं उचलला, बोर्डावर ठेवला, डाग नीट बसावा म्हणून फ्लक्सचा ठिपका दिला, तापलेली सोल्डरिंग गन टेकवली.

चट्‌कन फुटला. वासही आला, ओळखीचा.

“अहो, फोडणी कसली देताय तिकडं?” आतून आवाज.

मोहरी होती.

हा सगळा खटाटोप पाण्याच्या टाकीसाठी. पहाटे पाणी येतं, मोटर लावायची आणि टाकी भरली की बंद करायची, एवढंच माझं काम. आणि तेच मी विसरतो. गच्चीवरून पाणी वाहू लागलं की शेजारचे काका खालून हाक मारतात, ही आमची आतापर्यंतची व्यवस्था. म्हटलं, टाकी भरल्यावर वाजणारा बझर आपणच करू. बाजारात तयार मिळतो हे मला घरातल्या तिघांनी वेगवेगळं सांगून झालं आहे.

कॉलेजात असताना मी अशी सर्किटं केलेली होती. तेव्हाचे रेझिस्टर म्हणजे रंगीत पट्ट्यांचे, दोन तारांचे, बोटात धरता येणारे. ५५५ नावाची टायमरची आयसी, म्हणजे चिप, १९७२ साली बाजारात आली, ती अजून चालू आहे आणि तिच्यावर आमच्या पिढीनं काय काय वाजवलं नाही! तिच्या दोन पायांमधलं अंतर २.५४ मिलिमीटर. यावेळी मागवली ती एसएमडी, म्हणजे बोर्डाला भोकं न पाडता वरच्यावर चिकटवायची. तिच्या पायांमधलं अंतर बरोबर निम्मं, १.२७. आणि बाकीचे भाग ०६०३ मापाचे, म्हणजे फरशीवर शोधला तेवढे. हे ०६०३ मीच निवडले. कॉम्प्युटरच्या पडद्यावर बोर्ड आखताना एकेक रेझिस्टर भाकरीएवढा दिसत होता. पाकीट फोडलं तेव्हा कळलं, पडद्यावर सगळंच मोठं करून बघता येतं.

पहिल्या दिवशी हात इतका थरथरत होता की मी मनातल्या मनात डॉक्टरची वेळ घेऊन टाकली. भिंगाखाली तर गनचं टोक वादळातल्या झाडासारखं हलताना दिसे. हे मी गुजरीत, म्हणजे सोनारांच्या पेठेत, आमच्या जुन्या ओळखीच्या सोनारकाकांना सांगितलं. बायकोच्या पैंजणाची कडी तुटली होती, ती डाग द्यायला गेलो होतो. ते काम करता करताच म्हणाले, “हाताकडं कशाला बघतोस? टोकाकडं बघ की. हात थांबतोय आपोआप. आणि मनगट टेकव.”

मी त्यांच्याकडे पाहिलं. दोन्ही मनगटं लाकडाच्या ठोकळ्यावर, कोपर बरगडीला. सांध्यावर टाकणखाराचा पांढरा ठिपका, मग ज्योत, मग एका क्षणात चकाकी पळाली. संपलं. डाग कुठं दिला ते मला चष्म्यातूनही सांगता येईना.

घरी येऊन तसंच केलं आणि खरंच, हात थांबला. तो कधी थरथरत नव्हता असं नाही. पण नीट दिसायला लागलं की डोळा हाताला हळूहळू आवरतो. श्वास सोडून, पुढचा घ्यायच्या आधी टोक टेकवायचं. रायफल नेमबाजही असंच करतात म्हणे. तेजस्विनी सावंत आणि स्वप्नील कुसाळे यांच्या जिल्ह्यात राहून एवढंही येऊ नये म्हणजे काय!

टाकणखारावरून कल्हई आठवली. लहानपणी पेठेत कल्हईवाला यायचा, भाता लावायचा. तापलेल्या तांब्याच्या पातेल्यात तो नवसागराची पूड टाकी, भस्सकन पांढरा धूर उठे, मग कथलाची कांडी फिरवून कापसाच्या बोळ्यानं सगळीकडे चांदी पसरी. मी तेव्हा त्याला जादूगार समजत होतो. माझ्या टेबलावर आता तेच चाललंय. तांबं हवेत काळवंडतं, वरचा तो थर गेल्याशिवाय कथील बसत नाही, म्हणून त्याचा नवसागर आणि माझा फ्लक्स. माझा फ्लक्स राळेचा, म्हणजे चीडाच्या झाडाचा डिंक. धूर झाला की आई देवघरातून विचारते, “ऊद घातलास काय रे?” वास छान असला तरी तो धूर छातीला चांगला नाही. त्यात माझ्या सोल्डरमध्ये, म्हणजे डाग द्यायच्या धातूत, कथलाबरोबर शिसं, ६३ ला ३७. १८३ अंशाला पाण्यासारखं होतं, म्हणून सोपं जातं. पण उठल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय मला स्वयंपाकघरात प्रवेश नाही, आणि तो नियम योग्य आहे.

एक चूक मात्र पैसे देऊन केली. बारीक काम म्हणून सुईसारखं टोक आणलं. ते इतकं बारीक की त्यातून उष्णताच पोचेना. सोल्डर वितळायच्या ऐवजी टोकाला गोळा होऊन बसे. शेवटी जुनं चपट्या पटाशीसारखं टोक लावलं, ते रेझिस्टरपेक्षा रुंद, आणि काम झटक्यात व्हायला लागलं.

रीत अशी: बोर्डावरच्या दोन चौकोनांपैकी एकावर आधी थेंबभर सोल्डर. तो वितळवून ठेवायचा, चिमट्यानं रेझिस्टर आडवा सरकवत आणायचा, गन काढायची आणि मनात दोन आकडे मोजून मग चिमटा. नंतर दुसरं टोक. वाकडा बसला तर घाबरायचं नाही. दोन्ही टोकांचं सोल्डर एकदम वितळलं की त्याच्या पृष्ठताणानं रेझिस्टर आपोआप मधे सरकतो, सरळ होतो. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा चिमटा हातातच राहिला. एकच टोक आधी वितळलं तर मात्र तो ओढला जाऊन त्याच टोकावर ताठ उभा राहतो. माझे दोन उभे राहिले. आमच्याकडे गावाबाहेर देवळापाशी वीरगळ उभे असतात ना, अगदी तसे, फक्त दीड मिलिमीटरचे.

रेझिस्टरवर निदान १०३ असं लिहिलेलं असतं, म्हणजे दहावर तीन शून्यं, दहा हजार ओहम. भिंगातून वाचता येतं. कपॅसिटरवर, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागांवर, काहीच नाही. तपकिरी, मुके. पट्टीतून बाहेर पडले आणि मिसळले की कुठला कुणाचा हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. मी दोन किमतींचे एका वाटीत ओतले होते. ते मीटर लावून एकेक मोजत बसलो, ती संध्याकाळ मी इथे सांगत नाही.

हरवलेला रेझिस्टर चौथ्या दिवशी माझ्या मोज्यात सापडला. तोवर बोर्ड पुरा झाला होता. टाकीत तारा सोडल्या, तपासून पाहिलं आणि झोपलो.

पहाटे पाणी आलं. मी मोटर लावून पुन्हा अंथरुणात शिरलो. साडेपाचला टाकी भरली आणि बझर असा काही ठणाणा वाजला की आई, बायको, मुलगी तिघी उठून बसल्या. खालून शेजारचे काका, “काय झालं हो?”

“अहो,” बायको म्हणाली, “ते आधी बंद करा.”

बंद करायचं बटण मी बसवलेलंच नव्हतं.