कोकण किनाऱ्यावरून काम: रेंज, ओटीपी आणि न उघडणाऱ्या साइट

माझा मावसभाऊ जर्मनीत स्थायिक आहे. या हिवाळ्यात दादा आणि वहिनी आमच्या गुहागरच्या आजोळच्या घरात राहून काम करायला आले. वहिनी जन्माने जर्मन, दादाचाही पासपोर्ट आता जर्मन. दोघांकडे ओसीआय कार्ड, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना आणि त्यांच्या जोडीदारांना मिळणारं कार्ड. दोघांची नोकरी पूर्णपणे इंटरनेटवर. सोबत मी, माझा लॅपटॉप आणि माझं पुण्याचं ऑफिस. मुंबईहून खेड, दापोली-हर्णै, दाभोळची फेरी, मग गुहागरला मुक्काम आणि शेवटी तवसाळ-जयगड ओलांडून गणपतीपुळे, रत्नागिरी, मालवण असा प्रवास झाला. परदेशातून येऊन कोकणात काही आठवडे राहून काम करायचा विचार असणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. निघण्याआधी आम्ही बंदी घातलेल्या साइटची काळजी करत होतो. प्रत्यक्षात त्यांचा त्रास थोडा झाला. अडलं ते आपण कोण आहोत हे फोन नंबरवरून सिद्ध करण्यापाशी.

म्हणून पहिलं काम मुंबईतच उरका: सिमकार्ड. गावातल्या रिचार्जच्या दुकानात आधार कार्डावर सिम लगेच मिळतं, पण परदेशी पासपोर्टवर बहुतेक दुकानदार देत नाहीत, त्यांच्याकडे ती सोयच नसते. मोबाइल कंपनीच्या स्वतःच्या मोठ्या दुकानात जावं लागतं. पासपोर्ट, व्हिसा किंवा ओसीआय कार्ड, फोटो आणि इथला पत्ता एवढं जवळ ठेवा. नंबर चालू व्हायला काही तास लागू शकतात, तेव्हा संध्याकाळची गाडी असेल तर सकाळीच जा. मुंबईत राहून गेलं तर रत्नागिरी शहर गाठावं लागेल.

"माझ्या नावावर घे की एक सिम," असं प्रेमाने म्हणणारे नातेवाईक कोकणात भरपूर भेटतात. घेऊ नका. एका माणसाच्या नावावर जास्तीत जास्त ९ सिम चालतात हा एक भाग झाला. पण त्या नंबरवरून जे काही होईल त्याची जबाबदारी त्या काकांवर येते, आणि तुमच्या बँकेचं कुलूप त्यांच्या नावाच्या किल्लीवर राहतं.

मुंबईत उतरायच्या आधीच परदेशी ई-सिम, म्हणजे कार्डाशिवाय फोनमध्येच उतरवून घ्यायचं सिम, घेणारे बरेच असतात. सोपं आहे, पण दोन गोष्टी माहीत असाव्यात. अशी ई-सिम विकणारी एअरालो आणि होलाफ्लाय ही दोन ॲप जानेवारी २०२४ मध्ये दूरसंचार विभागाच्या सांगण्यावरून भारतातल्या ॲप स्टोअरमधून काढली गेली. त्यामुळे इथं पोचल्यावर ती मिळतीलच असं धरू नका. दुसरं, असं ई-सिम बहुतेक वेळा फक्त डेटा देतं, भारतीय नंबर देत नाही. कोकणात नंबरावाचून फार अडतं. रेल्वे स्थानकावरच्या वायफायलासुद्धा ओटीपी लागतो.

जुना परदेशी नंबर मात्र बंद करू नका. वहिनींनी जर्मन सिम फोनच्या दुसऱ्या खाचेत ठेवलं आणि त्याचा डेटा रोमिंग बंद केला. युरोपातल्या युरोपात रोमिंग घरच्या दरात मिळतं. ती सवलत भारतात लागू नाही आणि इथं चुकून डेटा चालू राहिला तर बिल डोळे पांढरे करतं. पण येणारा एसएमएस बहुतेक कंपन्यांकडे फुकट असतो, आणि जर्मन बँकेचा कोड त्यावरच येतो. निघण्याआधी आपल्या कंपनीला विचारून खात्री करून घ्या. व्हॉट्सॲप जुन्या नंबरवरच राहू द्या, ते भारतीय डेटावर नीट चालतं.

खेडपर्यंतचा रेल्वेप्रवास कामासाठी धरू नका. बोगदे एकामागून एक येतात आणि दोन बोगद्यांच्या मधे रेंज येते न येते तोच जाते. दादाने एक बैठक गाडीतून करायची ठरवली होती, ती मी त्याला निघायच्या आधीच पुढे ढकलायला लावली. खेडला उतरलात की दापोलीपर्यंत बऱ्यापैकी नेट मिळतं.

आता मुक्कामाचं. कोकणातलं नेट समजून घ्यायचं तर आधी जमीन समजून घ्यावी लागते. वर सडा, म्हणजे जांभ्याचं उघडं पठार. त्याच्या उतारावर आणि खाली वाडी. त्याच्याही खाली खाडी किंवा समुद्र. टॉवर बहुधा सड्यावर किंवा रस्त्यालगत असतात आणि जुनी घरं वाऱ्यापावसापासून जपून खळगीत, माडा-पोफळीच्या सावलीत बांधलेली. लहरी घराच्या डोक्यावरून निघून जातात. एकाच गावात वरच्या वाडीत पूर्ण रेंज आणि खालच्या वाडीत फोनवर नुसती फुली, हे तिथं रोजचं आहे. शेजारचा कॉलेजात जाणारा मुलगा म्हणाला, "ताई, परीक्षेचा फॉर्म भरायचा झाला तर आम्ही सड्यावरच जातो." करोनाच्या काळात अनेक गावांतल्या मुलांचे वर्ग असेच झाडाखाली, सड्यावर बसून झाले. आपण पंधरा दिवसांचे पाहुणे, या मुलांचं हे कायमचं आहे, आणि शहरात बसून आपण त्याचा फारसा विचार करत नाही याचं मला वाईट वाटतं.

घर किंवा होमस्टे ठरवताना "नेट आहे का" एवढंच विचारू नका. उत्तर नेहमी "आहे" असंच येतं. विचारा: फायबर घरापर्यंत आलेलं आहे का? कोणत्या कंपनीचा फोन घरात, पडवीत लागतो? वीज गेली की राउटर इन्व्हर्टरवर चालतो का? आणि फोनवरच त्यांना नेटचा वेग मोजायला सांगा, तोही संध्याकाळी. जर्मनीची घड्याळं हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतात. तिथली सकाळ नऊची म्हणजे इथं दुपारचे दीड, आणि तिथलं ऑफिस सुटतं तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ-दहा वाजतात. म्हणजे काम नेमकं त्या वेळी, जेव्हा सगळं गाव मालिका आणि क्रिकेट बघत असतं.

गुहागरला घरात फायबर होतं, वेगही चांगला. पण तार विजेच्या खांबांवरून, माडांच्या मधून येते. झावळ पडली की तुटते, वानरं लोंबकळली की तुटते, रस्त्याचं काम निघालं की तुटते. दुरुस्त करणारा मुलगा गावातलाच असतो आणि मनापासून धावत येतो, तरी तारेच्या दुसऱ्या टोकाला काही झालं असेल तर त्याच्याही हातात काही नसतं. त्यामुळे दोन वेगळ्या कंपन्यांची सिम हवीतच, आणि कोणती दोन हे त्या गावात विचारून ठरवा, पुण्या-मुंबईतल्या अनुभवावरून नाही. काही खाडीकाठच्या गावांत आजही फक्त बीएसएनएल लागतो.

विजेबद्दल वायरमनशी ओळख करून घ्या. देखभालीसाठी ठरलेल्या वारी काही तास वीज बंद असते. तो वार कळला की बैठका त्याप्रमाणे लावता येतात. राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो, तो सोबत आणा. विजा चमकायला लागल्या की राउटरचा प्लग काढून ठेवा. घरातली काकू हे न सांगताही करते.

ओटीपीचा मुख्य प्रश्न पैशांशी येतो. मासळीवाली, रिक्षा, शहाळंवाला, सगळीकडे क्यूआर कोड. दादाचं एनआरओ खातं (परदेशात राहणाऱ्यांचं भारतातलं बँक खातं, एनआरई हा त्याचाच दुसरा प्रकार) आणि जुना भारतीय नंबर चालू असल्यामुळे त्याचं यूपीआय पहिल्या दिवसापासून चाललं. जानेवारी २०२३ मध्ये १० देशांतल्या नंबरांवरून एनआरई-एनआरओ खात्यांना यूपीआयची मुभा द्यायचं ठरलं. त्यात अमिराती, सौदी, ओमान, कतार, अमेरिका, ब्रिटन होते, जर्मनी नव्हती. आखातातून येणाऱ्यांनी आपल्या बँकेत याची चौकशी अवश्य करावी. भारतात खातं नसलेल्या परदेशी पाहुण्यांसाठी यूपीआय वन वर्ल्ड नावाचं आगाऊ पैसे भरायचं पाकीट आहे. त्याला पासपोर्ट आणि व्हिसा लागतो आणि ते मोठ्या विमानतळावरच करून घेतलेलं बरं. तरीही सुटे पैसे खिशात असू द्या. जेटीवर नेट नसलं तर फेरीचं तिकीट रोखीनेच काढावं लागतं.

आता न उघडणाऱ्या साइट. इथं तीन वेगवेगळ्या गोष्टी होतात आणि लोक त्यांची गल्लत करतात.

एक, भारत सरकारने अडवलेल्या. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६९अ खाली हे होतं. २९ जून २०२० ला टिकटॉकसह ५९ चिनी ॲपवर बंदी आली, त्यात वीचॅट आणि कॅमस्कॅनरही होती. चीनमधल्या सहकाऱ्यांशी वीचॅटवर बोलणाऱ्यांनी दुसरी सोय आधीच करावी. बंदीचे आदेश गोपनीय ठेवता येतात, म्हणून साइट का उघडत नाही हे कधी कळतच नाही. २०२२ मध्ये व्हिडिओ बघायच्या व्हीएलसी प्लेअरची साइट कित्येक महिने अनेकांकडे उघडत नव्हती, नोव्हेंबरमध्ये पुन्हा सुरू झाली. शिवाय प्रत्येक कंपनी अडवण्याची पद्धत वेगळी वापरते. फायबरवर न उघडणारं पान मोबाइलच्या डेटावर उघडतं, असंही होतं. म्हणून आधी नेट बदलून पाहा, मग बंदीचं नाव घ्या.

दोन, तिकडच्यांनीच भारतासाठी बंद ठेवलेल्या. वहिनींना त्रास झाला तो याचा. जर्मन सार्वजनिक वाहिन्यांचे कित्येक कार्यक्रम हक्कांच्या कारणाने देशाबाहेर दिसत नाहीत. घरच्या वर्गणीचे चित्रपट युरोपभर पाहता येण्याचा २०१८ पासूनचा नियम युरोपीय संघापुरताच आहे. बँका आणि विमा कंपन्या अनोळखी देशातून लॉगिन आलं की खातं गोठवतात. प्रवासाची तारीख त्यांना आधी कळवा.

तीन, भारतातल्या पण बाहेरून न उघडणाऱ्या. कित्येक सरकारी साइट सुरक्षेसाठी परदेशातून आलेली विनंती स्वीकारतच नाहीत. त्यामुळे कोकणात आलात की जमिनीची कामं उरकून घ्या. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत निघतो. दादाने मावशीच्या वाट्याचे सगळे उतारे एका दुपारी पडवीत बसून काढले आणि जपून ठेवले. चुलत्यांशी बोलणीही त्याच कागदांमुळे सोपी झाली.

अडवलेली साइट म्हटली की लोक व्हीपीएन सुचवतात, म्हणजे आपलं नेट दुसरीकडच्या सर्व्हरमधून नेणारी सोय. ते वापरणं भारतात गुन्हा नाही. ऑफिसचं व्हीपीएन दादाने रोज वापरलं. एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इन या सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची माहिती ५ वर्षं जपून ठेवायला सांगितलं, तेव्हा एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन यांनी भारतातले सर्व्हर काढून घेतले. ऑफिसांच्या अंतर्गत व्हीपीएनना तो नियम लावला गेला नाही. मात्र व्हीपीएन लावलं म्हणून बंदीतली गोष्ट कायदेशीर होत नाही, आणि भारतीय बँकेचं ॲप व्हीपीएन चालू असताना बहुधा उघडत नाही.

दाभोळला फेरीची वाट बघताना ज्यांच्याकडे चहा घेतला, त्या घरचा मुलगा दुबईत आहे. खेड, दापोली, चिपळूण या भागातली कितीतरी घरं आखातातल्या पगारावर उभी आहेत. त्याच्या आईच्या, चाचींच्या, फोनवर व्हॉट्सॲप होतं आणि शेजारी बॉटिम हे कॉल करायचं ॲप. "फोटो, मेसेज ह्यावर येतो. बोलायचं असेल तर तो दुसरा. ह्यावर कॉल लागतच नाही," त्या सांगत होत्या. अमिरातीत व्हॉट्सॲपवरून फोन लागत नाही. परवाना असलेल्या बॉटिमसारख्या ॲपवरूनच बोलावं लागतं. इंटरनेटवरची बंदी म्हणजे काय, हे वहिनींना तिथं समजलं. त्या आईला नातवाचा चेहरा बघायला वेगळं ॲप शिकावं लागलं होतं. कोणी "व्हीपीएन टाकून दे" असा सल्ला दिला तर तो दुबईतल्या मुलाला देऊ नका. गुन्हा करण्यासाठी किंवा तो लपवण्यासाठी व्हीपीएन वापरल्यास तिथं ५ लाख ते २० लाख दिऱ्हम दंड आणि तुरुंग होऊ शकतो. बॉटिम दोन्ही टोकांना लागतं, म्हणून गावी आलेल्या मुलाने परत जाण्याआधी आईच्या फोनवर ते बसवून, एकदा लावून दाखवावं.

गणपतीपुळे, रत्नागिरी, मालवण इथं बाजारपेठेत नेटची अडचण आली नाही. देवगडपुढच्या खाडीकाठच्या गावांत पुन्हा सड्याचं गणित सुरू होतं.

सॅटेलाइट फोन किंवा उपग्रहावरून संदेश पाठवणारं गिर्यारोहकांचं यंत्र मात्र आणूच नका. परवानगीशिवाय ते बाळगणं गुन्हा आहे आणि विमानतळावरच अटक होऊ शकते. १९९३ मध्ये याच किनाऱ्यावर, शेखाडी आणि दिघीला, स्फोटकं उतरवली गेली. इथले पोलीस आणि तटरक्षक या बाबतीत हलगर्जीपणा करत नाहीत, आणि करूही नये.

जून ते सप्टेंबर नोकरीच्या भरवशावर येऊ नका. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर रायगड आणि दापोली-मंडणगड भागात वीज व फोन परत यायला काही गावांत कित्येक आठवडे लागले. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात चांगलं.

आणि परत निघताना भारतीय सिमचा मोठ्या मुदतीचा रिचार्ज करून घ्या. ९० दिवस वापर नसेल तर नंबर बंद पडू शकतो आणि पुढे दुसऱ्या कोणाला दिला जातो. आंतरराष्ट्रीय रोमिंग इथं असतानाच चालू करा. तिकडे गेल्यावर ते सुरू करायला गेलात, तर ओटीपी बहुतेक वेळा त्याच बंद नंबरवर येतो.