फ्रीडरिशच्या खडकावर: ड्रेस्डेन आणि सॅक्सन स्वित्झर्लंड

जर्मन चित्रकार कास्पार डाव्हिड फ्रीडरिश हे नाव ऐकलं नसलं, तरी कड्यावर पाठमोरा उभा माणूस आणि पुढे पसरलेलं धुकं हे चित्र तुम्ही कुठेतरी पाहिलेलं असणारच. साधारण १८१७ सालचं. तो कडा बघायचा म्हणूनच आम्ही ऑक्टोबरात जर्मनीतल्या ड्रेस्डेनला मुक्काम टाकला. सॅक्सन स्वित्झर्लंड म्हणजे या शहराजवळचा वालुकाश्माच्या खडकांचा डोंगराळ भाग, स्वित्झर्लंड देश नव्हे.

कडा आहे, पण चित्रातला देखावा जसाच्या तसा कुठेच नाही. फ्रीडरिश पायी हिंडायचा, पेन्सिलीने एकेक खडक, एकेक झाड टिपायचा आणि चित्र मात्र जवळजवळ रिकाम्या खोलीत बसून जुळवायचा. अभ्यासकांच्या मते माणसाच्या पायाखालचा खडक कायझरक्रोने टेकडीवरचा, मधले सुळके राटेन गावाजवळच्या गामरिगचे आणि मागे उजवीकडचा डोंगर त्सिर्केलश्टाइन. चित्राची प्रत हातात धरून ‘तोच अँगल’ शोधत बसू नका. तुकडे ओळखत फिरण्यात जास्त मजा आहे.

ड्रेस्डेनच्या मुख्य स्टेशनवरून एस-१ ही लोकल पकडायची. जाताना डावीकडची खिडकी घ्या, एल्बे नदी त्याच बाजूला असते. दिवसभराचा पास काढलात तर मध्ये कुठेही उतरायची मुभा राहते. शेवटचं स्टेशन श्योना नदीकाठी आहे, पलीकडे थेट चेक प्रजासत्ताक. गाव वर पठारावर, त्यामुळे सुरुवातीलाच दमवणारा चढ लागतो. त्यानंतर कायझरक्रोने म्हणजे शेतांमधून वर आलेले तीन खडक. सह्याद्रीत फिरणाऱ्यांना ही टेकडी किरकोळ वाटेल. पण वालुकाश्म ओला असला की भयंकर निसरडा होतो, तेव्हा चांगल्या पकडीचे बूट हवेतच.

आम्ही पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं आणि धुकं फक्त नदीच्या खोऱ्यात उरलं होतं. धुकंच हवं असेल तर ड्रेस्डेनहून येण्यापेक्षा बाड शांडाउ किंवा क्रिपेनला मुक्काम करा आणि पहाटे निघा. क्रिपेनला तर नक्कीच उतरा. १८१३ मध्ये नेपोलियनच्या युद्धामुळे ड्रेस्डेन सोडून फ्रीडरिश इथे येऊन राहिला होता. गावातून त्याच्या नावाची सुमारे १५ किलोमीटरची वर्तुळाकार पायवाट निघते. बास्टायच्या दगडी पुलावर सगळं जग फोटो काढत असतं, इथे तुरळक माणसं भेटतात. वाटेत हॉटेलांच्या भरवशावर राहू नका, डबा आणि पाणी बरोबर घ्या.

एक पूर्ण दिवस ड्रेस्डेनच्या आल्बेर्टिनम संग्रहालयासाठी ठेवा, सोमवार सोडून. फ्रीडरिशचं ‘टेचेनची वेदी’ (१८०८) हे चित्र इथे आहे. डोंगरमाथ्यावरचा क्रूस आणि फरची झाडं, बस. निसर्गचित्राला वेदीवर चढवलं म्हणून त्या काळी मोठा वाद पेटला होता. मला स्वतःला मात्र ‘ग्रोसे गेहेगे’ (१८३२) जास्त आवडलं. शहराबाहेरचं पाणथळ कुरण आणि वर मावळतीचं पिवळं आकाश, तेवढ्यावर मी बराच वेळ उभा होतो. त्या चित्रानंतर तीनच वर्षांनी फ्रीडरिशला पक्षाघाताचा झटका आला आणि तैलरंगांचं काम जवळपास थांबलं. १८४० मध्ये तो वारला तेव्हा लोक त्याला विसरत चालले होते. १९०६ च्या बर्लिनमधल्या मोठ्या प्रदर्शनानंतर तो पुन्हा चर्चेत आला. त्याची कबर योहानश्टाटमधल्या ट्रिनिटाटिस दफनभूमीत आहे, ट्रामने सहज जाता येतं.

आणि ते धुक्याचं मूळ चित्र? ते ड्रेस्डेनमध्ये नाहीच, हाम्बुर्गच्या कुन्स्टहालेत आहे. त्याचं ‘समुद्रकाठचा साधू’ हे दुसरं चित्र बर्लिनच्या आल्टे नॅशनलगॅलरीत. ही चित्रं अधूनमधून दुसरीकडच्या प्रदर्शनांना जातात, म्हणून तिकीट काढण्याआधी संग्रहालयाच्या संकेतस्थळावर चित्र भिंतीवर आहे ना, एवढं तपासून घ्या.