चौथी ओळ वाचलीस का?

वार्षिकांकात दहावीच्या फोटोंखाली ज्याच्या त्याच्या आवडीची एक ओळ छापायची पद्धत आपल्या शाळेत मराठीच्या बाईंनी आणली. कोणत्या बाई, हे या स्मरणिकेच्या वाचकाला सांगायला नको. संस्थापकांवर, इमारत निधीवर, निकालांच्या परंपरेवर बाकीची मंडळी लिहितीलच. संपादक मंडळाने पत्रात ‘शाळेने काय दिले’ असा विषय दिला आहे. बाईंनी ओळ निवडायला शिकवलं, एवढंच त्याचं उत्तर आहे, आणि दिलेली पानं त्यालाच पुरणार नाहीत.

दिवाळीच्या सुट्टीआधी वर्गात छापील चिठ्ठ्या वाटल्या जायच्या. चिठ्ठीवर चार रकाने असत: ओळ, कोणाची, कुठून घेतली, आणि सगळ्यात मोठा रकाना ‘मागचं-पुढचं’. त्यात निवडलेल्या ओळीच्या आधीच्या आणि नंतरच्या ओळी उतरवायच्या. श्लोक किंवा अभंग असेल तर तो अख्खा, गद्य असेल तर पूर्ण परिच्छेद. अशा तीन चिठ्ठ्या भरायच्या, कारण पहिली सुचलेली ओळ निम्म्या वर्गाला सुचलेली असते. मग तिन्ही ओळी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवायच्या आणि संक्रांतीपर्यंत त्यांच्याकडे येता-जाता बघायचं. रोज दिसून जी डोळ्यांत खुपायला लागली ती बाद. उरेल ती छापायला.

‘प्रयत्ने वाळूचे कण रगडिता तेलहि गळे’ ही ओळ दरवर्षी ठरलेली. अभ्यासिकेच्या भिंतीपासून क्लासच्या जाहिरातीपर्यंत सगळीकडे ती प्रयत्नांची थोरवी सांगायला लावलेली असते. भर्तृहरीच्या नीतिशतकातल्या श्लोकाचं हे वामन पंडिताने केलेलं मराठी रूप. दुसऱ्या ओळीत मृगजळ पिऊन तहान भागते, तिसऱ्यात रानात हिंडताना सशाचं शिंगही सापडतं, आणि चौथीत कवी म्हणतो की एवढं सगळं एक वेळ होईल, पण मूर्खाचं मन काही वळवता येणार नाही. म्हणजे आपण ज्या श्लोकाची पहिली ओळ मुलांना धीर द्यायला वापरतो, त्यात कवीने मूर्खापुढे हात टेकले आहेत. बाई चिठ्ठीवर फुली मारत नसत. चष्मा कपाळावर सरकवून एवढंच विचारत, “चौथी ओळ वाचलीस का?” मूल वाचनालयात जायचं, ‘नवनीत’ या जुन्या काव्यवेच्यांच्या संग्रहात किंवा तत्सम पुस्तकात श्लोक शोधायचं आणि बहुतेक वेळा चिठ्ठी बदलून आणायचं. वाचूनही कोणी तीच ठेवतो म्हणाला तर बाईंची ना नसे. एका पोराने तर पहिली सोडून चौथीच ओळ मागितली होती. ती छापली गेली, आणि मुख्याध्यापकांनी ती नेमकी कोणाला उद्देशून आहे याची चौकशीही केली.

‘लहानपण देगा देवा’चंही तेच. निरोपाच्या दिवसांत ती शाळेच्या आठवणींची ओळ म्हणून हमखास येते. पुढे ऐरावताला अंकुशाचा मार बसतो, मोठेपण अंगी आलेल्याला यातना कठीण होतात. तुकोबा नम्रतेबद्दल बोलताहेत, बालपणाचे दिवस परत मागत नाहीत. ‘बोले तैसा चाले, त्याची वंदावी पाउले’ ही दुसरी ठरलेली चिठ्ठी. गाथेत ‘वंदीन पाउले’ आहे. पुढेच ‘अंगे झाडीन अंगण, त्याचे दासत्व करीन’ येतं, त्यामुळे ‘मागचं-पुढचं’ भरताना पोरांच्या आपोआप ध्यानात यायचं की तुकोबा उपदेश करत नाहीत, स्वतःपुरतं सांगताहेत.

‘कुठून घेतली’ या रकान्यात ‘वाचनात आली’ असं लिहिलेलं बाईंना चालत नसे. दासबोध असेल तर दशक, समास, ओवी. ‘सामर्थ्य आहे चळवळेचे’ म्हणजे २०-४-२६, आणि ‘परंतु तेथे भगवंताचे अधिष्ठान पाहिजे’ हा पुढचा भाग गाळायचा असेल तर तो जाणूनबुजून गाळायचा. तुकोबांचा अभंग असेल तर नुसता क्रमांक पुरत नाही, प्रतही सांगावी लागते. १९५० च्या सरकारी गाथेत ४६०७ अभंग आहेत. इतर प्रतींतला क्रम आणि आकडा निराळा असतो, त्यामुळे एकाच अभंगाचे दोन क्रमांक निघतात आणि तपासणारा चकतो. ‘उठा, जागे व्हा’ या ओळीखाली विवेकानंदांचं नाव द्यायला हरकत नाही, पण त्यामागे कठोपनिषदातलं ‘उत्तिष्ठत जाग्रत’ आहे हे चिठ्ठीवर आलं पाहिजे. मूळ सापडलंच नाही तर नाव कोरं ठेवायचं. वजन यावं म्हणून थोरामोठ्यांचं नाव चिकटवणं हा बाईंच्या लेखी गुन्हा होता, आणि माझ्याही आहे.

दोघांची ओळ एकच निघाली तर? चिठ्ठी आधी कोणी दिली हे बघितलं जात नसे. पुढच्या ओळी ज्याला पाठ, ओळ त्याची. वर्गात उभं राहून म्हणून दाखवायच्या.

मग छपाई. बाईंचा हिशेब सरळ होता: फोटोखाली दोन ओळी, एकेका ओळीत अठरा अक्षरं, जोडाक्षर एक धरायचं आणि शब्दांमधली मोकळी जागाही एक. त्यात न बसणारी ओळ कापायची नाही, दुसरी निवडायची. ओळ मोडायची ती कागद संपला म्हणून नव्हे, यती, म्हणजे म्हणताना थांबायची जागा, येते तिथे. वाळूची ओळ शिखरिणी वृत्तात आहे, सतरा अक्षरं, सहाव्यावर यती. म्हणून वर ‘प्रयत्ने वाळूचे’ आणि खाली ‘कण रगडिता तेलहि गळे’.

या ‘हि’वरून एका वर्षी छापखान्यात नाट्य झालं. खिळे जुळवणारा कंपोझिटर जुना, शुद्धलेखनाचा पक्का. त्याने ‘तेलहि’चं ‘तेलही’ केलं, कारण नियमाने ‘ही’ दीर्घ. प्रूफ हातात पडताच बाई तडक बाजारातल्या छापखान्यात गेल्या. छपाईचं ट्रेडल यंत्र चालू होतं, त्या खडखडाटात त्यांनी लघु-गुरू बोटांवर मोजत ओळ दोनदा म्हटली, एकदा ऱ्हस्व हि घेऊन आणि एकदा दीर्घ. दुसऱ्यांदा म्हणताना ओळ ‘तेलही’वर अडखळली, तेव्हा कंपोझिटरने मान हलवली, खिळ्यांची आवळलेली चौकट, म्हणजे फर्मा, सोडला आणि चिमट्याने अक्षराचा खिळा बदलला. पद्यात कवीने वृत्तासाठी ठेवलेल्या वेलांटीला आपण हात लावायचा नाही, हे त्या दिवशी सोबत गेलेल्या पोरांना पुस्तकाशिवाय कळलं.

आज आमच्या छापखान्यात जिल्ह्यातल्या बऱ्याच शाळांच्या अंकांची अक्षरजुळणी होते, आणि बाईंची अठरा अक्षरं अजून चालतात. ए-फोर पानावर दोन्ही बाजूंना दीड सेंटिमीटर समास सोडला की अठरा सेंटिमीटर उरतात, ४.२ सेंटिमीटरचे चार रकाने आणि मधे चार-चार मिलिमीटर. दहा पॉइंटच्या अक्षरात एका ओळीत अठरा-एकोणीस अक्षरं बसतात. नाव आठ पॉइंटात, त्याहून लहान केलं तर रफार आणि अनुस्वार एकमेकांत मिसळतात. बिघडतं ते दुसरीकडे. मुलांच्या ओळी मोबाइलवरून युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या अक्षरसंकेतात, येतात आणि जुळणी अजून पुष्कळ ठिकाणी युनिकोड नसलेल्या जुन्या फाँटात होते. बदलून घेताना ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ होतं, अवग्रह (ऽ) उडतो, आणि एखादा अनुस्वार गळून ‘चिंता’ची ‘चिता’ होते. फोटोखाली, पोराच्या नावासकट! संगणकाची तपासणी ते पकडत नाही, कारण दोन्ही शब्द बरोबर आहेत. एकाने मूळ चिठ्ठी मोठ्याने वाचायची आणि दुसऱ्याने छापलेल्यावर बोट ठेवत जायचं, याला पर्याय नाही. फोटो आणि ओळी वेगळ्या फायलींत आल्या असतील तर हजेरी क्रमांक दोन्हींवर हवाच. नाहीतर एक फोटो राहिला की पुढच्या सगळ्या ओळी एकेक घर सरकतात.

पण चिठ्ठ्याच आता नाहीत. वर्गाच्या ग्रुपवर ‘आपापली ओळ टाका’ असा निरोप जातो आणि तासाभरात चाळीस ओळी येतात, निम्म्या उगवत्या सूर्याच्या चित्रावर लिहिलेल्या. ‘कोशिश करने वालों की हार नहीं होती’ हरिवंशराय बच्चन यांच्या नावाने येते. ती कविता सोहनलाल द्विवेदींची, हे खुद्द अमिताभ बच्चन यांनी जाहीरपणे सांगितलेलं असूनही. जगात जो बदल हवा तो आधी स्वतः व्हा, हे गांधीजींच्या नावावर येतं. त्यांचं समग्र लेखन इंग्रजीत शंभर खंडांत आहे आणि त्यात हे वाक्य या शब्दांत नाही. १९१३ मध्ये त्यांनी लिहिलेलं जवळचं वाक्य असं, की आपण स्वतःला बदलू शकलो तर जगाची प्रवृत्तीही बदलेल. ते लांबीला थोडं जास्त आहे, पण त्यांचं आहे. कलामसाहेबांच्या नावावर तर काहीही खपतं. वाचनालयाचा तास वेळापत्रकातून गेल्यावर मुलांनी शोधायचं तरी कुठे? पूर्वी त्या तासाला गाथा आणि दासबोध कपाटातून काढून टेबलावर मांडलेले असत, आता कपाटाची किल्ली कोणाकडे आहे इथपासून सुरुवात.

म्हणून सुवर्णमहोत्सवी वर्षाच्या अंकासाठी शाळेला आम्ही चिठ्ठ्या फुकट छापून दिल्या, चारही रकान्यांसकट. वर्गशिक्षिका उत्साही आहेत, पोरांनी कुरकुरत का होईना भरल्या. परवा गठ्ठा जुळणीला आला. दोन मुलींनी ज्ञानेश्वरांची एकच ओळ दिली आहे, ‘जो जे वांछील तो ते लाहो’, आणि पसायदान दोघींनाही अथपासून इतिपर्यंत पाठ आहे. बाईंच्या नियमात याला तोडगा नाही. रविवारी त्यांच्या घरी जाऊन विचारावं लागणार, तोवर ते पान थांबवून ठेवलंय.