जुन्या पंचांगाचं काय करायचं?

पाडव्याला नव्या पंचांगाची पूजा झाली की जुनं त्याच दिवशी संपतं. इतक्या ठरल्या तारखेला निकालात निघणारं दुसरं पुस्तक मला तरी माहीत नाही, आणि आम्हा सोलापूरकरांना पंचांगाचं जरा जास्तच, कारण दाते पंचांग इथलंच. पण संपलं म्हणून टाकतंय कोण? आमच्याकडे देवघराखालच्या कप्प्यात वर्षानुवर्षांचा गठ्ठा पडून होता, कसर लागलेला. का ठेवलाय विचारलं की आई म्हणायची असू दे, कोणाची पत्रिका मांडायची झाली तर जुनंच लागतं. आता पत्रिका मोबाइलवर निघते आणि गठ्ठा तिथंच.

आपलं पुस्तकांशी नातं मोठं गमतीचं आहे. चुकून पाय लागला की हात लावून नमस्कार, दसऱ्याला सरस्वतीपुढं मांडणार, आणि दिवाळीची साफसफाई आली की तीच पुस्तकं काट्यावर. रद्दीवाला तर जाड बांधणीचं पुस्तक हातात आलं की आधी पुठ्ठा धरून टर्रकन ओढून काढतो, पुठ्ठ्याचा भाव वेगळा आणि आतल्या कागदाचा वेगळा ना, आणि आपण ते शांतपणे बघत उभे, वर मामा काटा नीट धरा म्हणतो. तेव्हा काही वाटत नाही. पण घरात कोणी पुस्तकाला कटर लावला की मात्र पाप!

हे पाप मी सध्या करतेय, जुनी पंचांगं चिकटवून, कापून त्यांची कोरीव शिल्पं करतेय. पद्धत सोपी आहे, निभावणं अवघड. पंचांग एकटं पातळ असतं म्हणून काही वर्षांची एकावर एक ठेवायची, तिन्ही कडांना पाणी घातलेला फेविकॉल ब्रशनं लावायचा, वर वजन (माझ्याकडे पाटा आहे, मिक्सर आल्यापासून बेकारच होता बिचारा). वाळलं की पानं उघडत नाहीत, सलग ठोकळा होतो. मग वरून एकेक पान कापत आत शिरायचं आणि प्रत्येक पानावर ठरवायचं की काय ठेवायचं, कारण खाली काय येणार ते दिसत नसतं. मी कुंडलीच्या चौकटी कापत गेले तर ज्येष्ठातल्या एका घरातून थेट त्याच्या आदल्या वर्षीचं ग्रहण डोकावलं, त्याच्या खाली कोणत्यातरी एकादशीचा अर्धा आकडा. कसरीनं काही ठिकाणी माझ्याआधीच कोरीवकाम करून ठेवलेलं, ते तसंच ठेवलं, माझ्यापेक्षा बरं होतं. बाकी सोलापूरचा एप्रिल म्हणजे पारा 40 च्या वर, फेविकॉल पटकन वाळतो हे खरं पण कपटे उडतात म्हणून पंखा लावता येत नाही, आणि स्वस्त कागद आधीच ठिसूळ, त्यात लाकडाचं लिग्निन (लाकडाला घट्टपणा देणारा घटक) राहिलेलं असतं ते उजेडानं पिवळं पडतं आणि आम्लामुळं पान कापायच्या आधी तुटतं.

अमेरिकेतला ब्रायन डेटमर हेच करतो, पण कसलं करतो! जुने ज्ञानकोश, डिक्शनऱ्या घेतो आणि चाकू, चिमटे, सर्जनची हत्यारं घेऊन कोरत बसतो. आत काही चिकटवायचं नाही, काही हलवायचं नाही, फक्त काढायचं. उरलेली चित्रं आणि शब्द जिथं छापले होते तिथंच असतात. ज्ञानकोशच का, तर ब्रिटानिकानं सुद्धा 244 वर्षांनी, 2012 मध्ये छापील आवृत्ती बंद केली, मग ते 32 खंडांचं कपाट कोणाला हवंय?

मला मात्र इंग्लंडचा टॉम फिलिप्स जास्त आवडतो. 1966 मध्ये त्यानं लंडनमध्ये तीन पेन्सला एक जुनी कादंबरी उचलली, 1892 ची, कोणी वाचत नसलेली. मग प्रत्येक पानावर चित्र रंगवायचं आणि मधले चार शब्द उघडे सोडायचे, त्यातून वेगळीच गोष्ट सुरू. नंतर तीच पानं पुन्हा नव्यानं रंगवत राहिला, शेवटची आवृत्ती 2016 ला. म्हणजे 50 वर्षं एकच पुस्तक, वाचल्याशिवाय हे होतच नाही. ते कादंबरीची पानं फाडून लग्नाच्या स्टेजसाठी गुलाब करतात ना, ते मला नाही पटत. माझं साधं आहे, ज्यातला मजकूर संपलाय तेच कापायचं. पंचांग, बदललेल्या अभ्यासक्रमाचं गाइड, टेलिफोन डिरेक्टरी. दिवाळी अंकाला हात लावत नाही, तो अजून कोणीतरी वाचेल.

शेजारचे अण्णा पूर्व भागातले, म्हणजे सोलापूरच्या विणकर वस्तीतले, आयुष्य मागावर गेलं. पहिल्या दिवशी दारातूनच ओरडले, "ओ ताई, हे काय करलालाव?" मग जवळ येऊन ठोकळा उलटसुलट केला आणि म्हणाले हे तर आमचं जकार्डच. चादरीवरचं डिझाइन पुठ्ठ्याच्या कार्डांवर भोकं पाडून करायचे, भोक असलं की धागा वर, नसलं की खाली. आता कॉम्प्युटरवर होतं, ती कार्डं कधीच रद्दीत गेली.

तर अण्णांना आता पानं दुमडून "मार्कंडेय" हे त्यांच्या विणकर समाजाच्या दैवताचं नाव करून हवंय, शोकेसमध्ये ठेवायला. यात कापायचं नसतं, प्रत्येक पान वरून आणि खालून दुमडायचं, मधे उरलेल्या कडा मिळून अक्षर दिसतं. इंग्रजीचे नमुने इंटरनेटवर भरपूर आहेत पण आपल्या अक्षरांना वर शिरोरेघ सलग, तिच्या खाली अक्षर, म्हणजे एकाच पानावर दोन-दोन तुकडे उरायला हवेत आणि पान तर एकच तुकडा दाखवू शकतं. त्यात नाव निवडलं ते असं की एकाच क वर रफार पण आणि अनुस्वार पण! अण्णा रोज येऊन माझ्या ग्राफ पेपरवरच्या चौकटी मोजतात (मागाचं डिझाइनही ग्राफवरच काढायचे), काल म्हणाले एका पानावर शिरोरेघ घ्या, पुढच्या पानावर खालचं अक्षर, त्यापुढच्यावर रफार, लांबून एकच दिसतं. बरोबर आहे त्यांचं, पण मग पानं तिप्पट लागणार आणि पंचांगात काही भागणार नाही. कोणाकडे जुनी जाडजूड डिरेक्टरी पडली असेल तर सांगा, रद्दीच्या भावानं घेते.