एका बर्गरची उलटतपासणी

माझी भाची नुकतीच वाचायला शिकली होती, त्यामुळे दिसेल ते वाचायची. जेलीच्या गोळ्यांच्या पाकिटावरचं अक्षरन् अक्षर लावून तिने विचारलं, "मावशी, जि-ले-टिन म्हणजे काय?" मी म्हटलं, "असते एक पावडर." रात्री सहज शोधलं. गुरांची, डुकरांची कातडी आणि हाडं यांतलं कोलॅजन काढून जिलेटिन बनवतात. मी जन्मापासून शाकाहारी, आणि असल्या गोळ्या, मार्शमेलो, औषधांच्या कॅप्सूल वर्षानुवर्षं बिनघोर गिळत आले होते.

मग संशय माझ्या आवडत्या ऑर्डरवर आला. फास्ट फूडच्या एका साखळी दुकानातून मी नेहमी तेच तीन पदार्थ घ्यायचे: व्हेज बर्गर, फ्राईज आणि गुलाबी मिल्कशेक. म्हटलं, या तिघांचाच छडा लावू. चार दिवसांचं काम वाटलं होतं. सात आठवडे गेले.

पहिली फेरी काउंटरवर. "हे व्हेज आहे ना?" "हो." "यातल्या चीजमध्ये रेनेट कुठलं असतं?" मुलगा बुचकळ्यात पडला. "मॅडम, चीजमध्ये चीजच असतं." चूक त्याची नव्हतीच. त्याच्याकडे माल बंद खोक्यातून येतो.

रेनेट म्हणजे दूध फाटवून त्याचं चीज करणारं विरजण म्हणा हवं तर, पण पारंपरिक रेनेट येतं ते दूधपित्या वासराच्या पोटाच्या अस्तरातून. त्यातलं कायमोसिन हे एन्झाइम आता सूक्ष्मजीवांकडूनही बनवून घेतात. अमेरिकेत त्याला १९९० मध्ये परवानगी मिळाली आणि आज बरंचसं चीज त्यावरच होतं. म्हणजे चीज दिसलं की दचकायचं कारण नाही, पण विचारावं लागतं. अस्सल पार्मिजानो रेज्जानो या इटालियन चीजपुरतं विचारायचीही गरज नाही, कारण तिथे वासराचंच रेनेट वापरायचा नियम आहे.

दुसरी फेरी कंपनीच्या ग्राहकसेवेला ईमेल. मी लिहिलं, "तुमचा व्हेज बर्गर पूर्ण शाकाहारी आहे का?" उत्तर आलं, "या पदार्थात मांस नाही. आपल्या आवडीबद्दल आभार." किती गुळगुळीत! मांस नाही हे मलाही दिसत होतं. मी पुन्हा तेच, जरा चिडून लिहिलं. तेव्हा "पुरवठादारांची माहिती गोपनीय असते" असं सांगून त्यांनी हात वर केले.

त्याच सुमारास मॅकडोनाल्ड्सचं जुनं प्रकरण वाचनात आलं आणि मी चुकीचा प्रश्न विचारतेय हे कळलं. अमेरिकेत १९९० पर्यंत त्यांच्या फ्राईज मुख्यतः गाईच्या चरबीत तळल्या जायच्या. त्या वर्षी कंपनीने वनस्पती तेलावर जात असल्याचं जाहीर केलं आणि कित्येक शाकाहारी लोक निर्धास्त झाले. तेल खरंच वनस्पतीचं होतं. पण बीफचा स्वाद कारखान्यातच बटाट्याला लागून येत होता आणि घटकांच्या यादीत त्याचं नाव होतं फक्त 'नैसर्गिक स्वाद'. २००१ मध्ये सिॲटलला खटला दाखल झाला. २००२ मध्ये कंपनीने माफी मागून एक कोटी डॉलर देत तडजोड केली. अमेरिकी नियमांत 'नैसर्गिक स्वाद' मांस, मासे, दूध अशा कशातूनही काढलेला चालतो. यादीत खोटं काही नव्हतं, हे मला जास्त झोंबलं.

तिसऱ्या ईमेलमध्ये मी 'शाकाहारी' हा शब्दच टाळला. बनमध्ये ई ९२० आहे का, असल्यास पिसांपासूनचं की किण्वनाने बनवलेलं? ('ई' आणि आकडा म्हणजे खाद्यपदार्थात घातलेल्या घटकाचा सांकेतिक क्रमांक. ई ९२० हे एल-सिस्टीन, कणीक सैल करायला घालतात आणि बदकाची पिसं हा त्याचा एक जुना स्रोत.) तेल-पाणी एकजीव ठेवणारं ई ४७१ वनस्पती तेलाचं की चरबीचं? चीजमधलं रेनेट कशाचं? फ्राईजच्या स्वादाचा स्रोत काय? शेकचा रंग ई १२० आहे का? शाकाहारी पदार्थ वेगळ्या फ्रायरमध्ये तळता का?

यावेळी उत्तर यायला अठरा दिवस लागले, पण मुद्देसूद आलं. बनमध्ये ई ९२० नाही, ई ४७१ वनस्पतीजन्य, रेनेट सूक्ष्मजीवांचं, फ्राईजमध्ये प्राणिजन्य स्वाद नाही. शेकमध्ये मात्र ई १२०, म्हणजे कार्माइन. निवडुंगावर वाढणारे कोचिनियल किडे वाळवून त्यांपासून काढलेला लाल रंग. स्टारबक्सने २०१२ मध्ये याच कारणावरून अमेरिकेत टीका झाल्यावर आपल्या स्ट्रॉबेरी पेयातला हा रंग काढून टोमॅटोतलं लायकोपीन आणलं होतं. आणि शेवटची ओळ: फ्रायर वेगळे आहेत, परंतु गर्दीच्या वेळी तसं होईलच अशी हमी देता येत नाही.

या ओळीवरून घरात चांगलीच जुंपली. नवरा म्हणाला, "मग आता हवाही गाळून घे." त्याचं सगळंच चूक होतं असं नाही. कुठेतरी रेघ ओढावीच लागते, आणि ती प्रत्येकाची वेगळी. मध मी खाते. लोकरीच्या मेणापासून बनणारं जीवनसत्त्व ड-३ मला चालतं, कारण त्यासाठी मेंढी मारावी लागत नाही. कार्माइन नाही. मासे तळलेल्या तेलातल्या फ्राईजही नाहीत, त्यामुळे गर्दीच्या वेळी नुसता बर्गर घेते आणि जरा कुढते. सॉस घरचाच बरा. वुस्टरशायर सॉसमध्ये अँकोव्ही मासे असतात हे मला या भानगडीतच कळलं.

परवा भाचीसाठी पेक्टिनच्या गोळ्या आणल्या. तिने लगेच पाकीट उलटं केलं. "पे-क्टि-न कशाचं?" फळांच्या सालींचं, मी ऐटीत सांगितलं. "आणि ई नऊशे चार?"

ते शेलॅक. चकाकीसाठी लावतात. लाखेचे किडे झाडाच्या फांद्यांवर जी लाख सोडतात, तिचं बनतं. आणि ती खरवडताना किडेही सोबत येतात. मधासारखं मानायचं की कार्माइनसारखं, मला ठरवता येईना. तोवर तिने तीन गोळ्या खाल्ल्या होत्या.