तुम्ही विचारलंत म्हणून: हॉलमधला तो सैनिक

घरी येणारं प्रत्येक माणूस विचारतं, "हॉलमध्ये असलं चित्र कशाला? निदान आतल्या खोलीत तरी लावा." आजवर "आवडतं म्हणून" एवढंच सांगत आले. आता नीट सांगते.

ते जर्मन चित्रकार किर्शनरचं आत्मचित्र आहे, 1915 सालचं. अंगावर लष्करी गणवेश, ओठांत सिगारेट, डोळ्यांत बुबुळंच नाहीत, मागे विवस्त्र मॉडेल. आणि उजवा हात मनगटापासून तुटलेला, टोक लाल. प्रत्यक्षात त्याचा हात शाबूत होता. महायुद्धात भरती झाला, पण आघाडीवर पोचण्याआधीच मनाने कोसळला, म्हणून त्याला घरी पाठवलं.

माझा उजवा हात चित्र काढताना अडतो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. कर्वे रोडवरच्या एका हॉस्पिटलात डॉक्टरांनी एमआरआयच्या फिल्म उजेडावर धरल्या, नसांची तपासणी पाहिली आणि म्हणाले, "हाताला काहीही झालेलं नाही." मग पेन दिलं, प्रिस्क्रिप्शनचा कागद उलटा करून पुढे सरकवला. "काढा काहीतरी." मी साधा तांब्या काढायला घेतला. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला बसणाऱ्या मुलांकडून वर्षानुवर्षं गिरवून घेतलेला. गळ्याचा बाक आला आणि बोटं आवळली. पेन कागदात रुतलं, पुढे सरकेना. सासरे शेजारीच होते. रिपोर्ट चांगला आल्याचा त्यांना खरोखर आनंद झाला होता. म्हणाले, "मग काढ की! अडवलंय कोणी?"

याच हाताने मी भाकरी थापते, लक्ष्मी रोडच्या गर्दीतून स्कूटर काढते. कुणाला काय दाखवू? किर्शनरने दाखवलं.

कॉलेजात असताना मी या चित्रावर तावातावाने बोलले होते. म्हटलं होतं, ज्यांचे हात खरंच गेले त्यांच्यासमोर हा कांगावा आहे. त्या मुलीला माझ्याकडे आजही उत्तर नाही. तिचं म्हणणं मला खोटं वाटत नाही. शिवाय तो तुटलेला हात त्याने त्याच हाताने रंगवला, आणि माझ्याच्याने एक तांब्या होत नाही. म्हणजे तो माझ्यासारखा होता, असंही छातीठोकपणे म्हणता येत नाही.

1937 मध्ये नाझींनी म्युनिकला हेच चित्र 'अधःपतित कला' म्हणून लोकांनी हिणवावं यासाठी टांगलं होतं. तुम्ही तसे नाही, मला माहीत आहे. तुम्हाला ते बघवत नाही एवढंच. पण आतल्या खोलीत ते मी एकटीच बघणार. मला ते तुम्हीही बघायला हवं आहे.